अक्रोडाच्या फळीपासून शिकारी रायफलचा दस्ता : निवड, माप आणि घडण

शिकारी रायफलचा लाकडी दस्ता समोर आला की नजर आधी लाकडाच्या नक्षीवर जाते, आणि निवड चुकण्याची सुरुवातही बहुधा तेथूनच होते. काळ्या-तपकिरी लाटा, मधाच्या रंगाची झाक, उजेडात सरकणाऱ्या आडव्या पट्ट्या हे सारे मोहक असतेच. पण दस्त्याचे खरे काम नक्षी करत नाही. गोळी सुटताना बसणारा धक्का झेलणे, नळी आणि अ‍ॅक्शन (काडतूस धरून उडवणारा धातूचा यंत्रभाग) सर्व ऋतूंत एकाच जागी धरून ठेवणे आणि बंदूक खांद्याला लावताक्षणी डोळा दुर्बिणीच्या मागे नेमका आणून ठेवणे ही तीन कामे लाकडाचा धागा, आतले खाचकाम आणि मापे यांवर अवलंबून असतात, आणि तयार रायफलकडे वरवर पाहणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही. म्हणून येथे न दिसणाऱ्या कामाला अधिक जागा दिली आहे आणि शोभेच्या कामाला बेताची. स्वतः दस्ता घडवू पाहणाऱ्या हौशी माणसाला या माहितीचा उपयोग व्हावा, आणि कारागिराकडून करवून घेणाऱ्यालाही काय मागावे व काय तपासावे हे कळावे, एवढाच हेतू आहे.

लाकडी दस्ता आज गरज म्हणून कोणी घेत नाही, हे आधीच मान्य करावे. रेमिंग्टन कंपनीने १९५९ मध्ये 'नायलॉन ६६' ही नायलॉनच्या दस्त्याची .२२ रायफल बाजारात आणली, आणि त्यानंतरच्या दशकांत फायबरग्लास व इतर कृत्रिम दस्त्यांनी पाऊस, थंडी आणि दमट हवा या तिन्हींवर लाकडापेक्षा सरस उत्तर दिले. ते हलके असतात, फुगत नाहीत आणि ओरखड्यांची पर्वा करत नाहीत. तरीही लाकडाचा दस्ता करवून घेणारे आहेत, कारण तो एका विशिष्ट माणसाच्या मापाने कोरता येतो, बिघडला तर दुरुस्त करता येतो आणि वापराने जुना झाला तरी वाईट दिसत नाही. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली .२७५ रिग्बी रायफल आजही लोक आदराने पाहतात, तेव्हा त्यांचे लक्ष तिच्या पोलादाइतकेच दस्त्यात बसवलेल्या चांदीच्या लेखपट्टीकडे असते. असा मजकूर प्लास्टिकवरही कोरता येईल, पण कोणी तो तितक्या प्रेमाने वाचणार नाही.

एक सूचना सुरुवातीलाच देणे आवश्यक आहे. चाप, बोल्ट, नळी आणि सुरक्षा-खटका यांवरचे काम परवानाधारक बंदूक-कारागिराचे आहे. या लेखाचा विषय फक्त लाकूड आहे. काम सुरू करण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी, बोल्ट काढून बाजूला ठेवावा आणि कामाच्या खोलीत काडतुसे आणूच नयेत.

लाकूड पारखणे

दस्त्याच्या लाकडात अक्रोडाने शतकानुशतके पहिला मान टिकवला आहे. अठराव्या शतकातल्या पेनसिल्व्हेनियाच्या लांब रायफलींना मेपलचे दस्ते असत आणि ते सुंदरही असत, पण वजन, बळकटी, धक्का सोसण्याची ताकद आणि पटाशीखाली स्वच्छ कापले जाण्याचा गुण यांचा इतका चांगला मेळ दुसऱ्या लाकडात क्वचितच सापडतो. अक्रोडातही जाती आहेत. बाजारात इंग्लिश, फ्रेंच, तुर्की किंवा सर्केशियन अशा नावांनी विकले जाणारे लाकूड बहुधा एकाच जातीचे, म्हणजे जुग्लान्स रेजियाचे असते. फरक पडतो तो माती, हवामान आणि झाडाच्या वयाने. हे लाकूड घट्ट असते, त्याची रंध्रे बारीक असतात आणि त्यावर अत्यंत बारीक चेकरिंग, म्हणजे पकडीसाठी कोरलेली छोट्या हिऱ्यांची जाळी, टिकते. अमेरिकी काळा अक्रोड, म्हणजे जुग्लान्स नायग्रा, थोडा भरड पण विश्वासू आहे, आणि कारखान्यात बनलेल्या असंख्य रायफलींचे दस्ते त्याचेच आहेत. उत्तर कॅलिफोर्नियातला क्लॅरो अक्रोड रंगाने सर्वांत भडक असतो, मात्र तुलनेने मऊ आणि मोठ्या रंध्रांचा असल्यामुळे त्यावर बारीक काम करू गेल्यास हिऱ्यांची टोके तुटतात. क्लॅरो आणि इंग्लिश यांच्या संकरातून आलेला बॅस्टोन हा प्रकार कठीण, चिवट आणि जोरदार धक्क्याच्या रायफलीसाठी उत्तम मानला जातो. पहिलाच दस्ता करणाऱ्याने साध्या, सरळ धाग्याचा काळा अक्रोड घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे; महागड्या नक्षीदार फळीवर हात शिकणे म्हणजे फळी आणि हुरूप दोन्ही वाया घालवणे होय.

फळी वाळलेली असणे ही अट नक्षीच्या आधी येते. लाकूड सुकताना तिन्ही दिशांना सारखे आकसत नाही. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत काळा अक्रोड वलयांच्या त्रिज्येच्या दिशेने सुमारे ५.५ टक्के आणि वलयांना समांतर दिशेने सुमारे ७.८ टक्के आकसतो, तर लांबीच्या दिशेने जवळजवळ मुळीच नाही. या विषम आकसण्यामुळेच अर्धवट वाळलेल्या फळीतून काढलेला दस्ता पुढे पिळतो आणि नळीला एका बाजूने दाबू लागतो. दस्त्याची फळी साधारण सव्वादोन ते अडीच इंच जाड असते, आणि उघड्या हवेत वाळवायची तर दर इंच जाडीला किमान एक वर्ष हा जुना ठोकताळा धरला जातो; त्याहून जास्त थांबणारे कारागीर जास्त शहाणे. ओलावा मोजण्याचे यंत्र असेल तर आकडा दहा टक्क्यांच्या खाली, शक्यतो सात-आठच्या आसपास असावा. यंत्र नसेल तर फळी घरात आणून तिचे वजन फळीवरच पेन्सिलीने लिहीत जावे. काही महिने लागोपाठ वजन हलले नाही, तर फळी त्या घराच्या हवेशी जुळली असे समजावे. फळीच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावलेला असावा, कारण टोकांतून ओलावा सर्वांत वेगाने जातो आणि भेगा तेथूनच सुरू होतात.

आता धाग्याकडे येऊ, कारण दस्त्याचे आयुष्य येथे ठरते. दस्त्याचा सर्वांत बारीक भाग म्हणजे चापामागची मूठ, आणि सगळा धक्का याच अरुंद जागेतून मागे जातो. बाजूने पाहिल्यावर लाकडाचे धागे मुठीच्या उताराला समांतर धावत असतील तर ती टिकते. तेच धागे मुठीला तिरपे छेदून जात असतील तर रायफल एकदा पडली किंवा जोरदार धक्क्याचे काडतूस वापरले, की मूठ त्या तिरप्या रेषेतच फुटते. पुढच्या भागात, म्हणजे फोरएंडमध्ये, धागे नळीला समांतर आणि वरून पाहिल्यास अगदी सरळ हवेत. वरून पाहताना ते कडेकडे कलत असतील तर दमट हवेत फोरएंड डावीकडे किंवा उजवीकडे झुकतो आणि निशाणही त्याच्याबरोबर सरकते. नक्षीची जागा मुठीच्या मागे, खांद्याकडच्या रुंद भागात आहे. तेथे ती कितीही नाचली तरी बळ कमी होत नाही. उलट फोरएंडभर पसरलेली वळवळीत नक्षी दुकानात भाव वाढवते आणि वापरात त्रास वाढवते.

हे सारे फळीवर पाहण्याची एक सोपी रीत आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यातून दस्त्याची आकृती कापून घ्यावी आणि फळीवर ती पुढे-मागे, वर-खाली सरकवत राहावे. आकृतीखालून धागे दिसतात, त्यामुळे मूठ कोठे येते आणि गाठ किंवा पांढरट कोवळे लाकूड कोठे राहते, हे करवत लावण्याआधीच कळते. फळीवर स्पिरिटचा हात फिरवला की काही क्षण तिचा तयार रंग आणि लपलेल्या केसासारख्या चिरा दोन्ही दिसतात. विकणाऱ्याने एकच बाजू दाखवली तर दुसरी मागून पाहावी. चांगल्या फळीची नक्षी दोन्ही बाजूंना सारख्या तोडीची असते. फळी झाडाच्या खोडातून कशी कापली आहे हेही टोकाकडची वलये पाहून कळते: वलये फळीच्या रुंद बाजूला उभी असतील तर ती अधिक स्थिर, आडवी असतील तर नक्षी अधिक ठसठशीत. दोन्ही कापांचे दस्ते चांगले चालतात, मात्र उभ्या वलयांची फळी हवा बदलली तरी कमी कुरकुर करते.

मापे

तयार कपडा आणि शिंप्याकडून शिवलेला कपडा यांत जो फरक असतो तोच कारखान्याच्या आणि मापाच्या दस्त्यात असतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो तितकाच उशिरा कळतो. पहिले माप चापाच्या पुढच्या पृष्ठभागापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे. कारखाने ते साधारण साडेतेरा इंच ठेवतात. कोपर काटकोनात वाकवून दस्ता त्यात बसतो का, ही प्रचलित चाचणी फारशी भरवशाची नाही, कारण खांद्याची रुंदी, मानेची लांबी आणि अंगावरचे कपडे यांचा तीत विचारच नसतो. जाड कोट घालून जी रायफल वापरायची, ती त्याच कोटात मापावी. पातळ सदऱ्यात अचूक वाटलेला दस्ता कोटाच्या बाहीत अडकतो.

दुसरे माप उंचीचे. दस्त्याच्या ज्या वरच्या कडेवर गाल टेकतो, ती नळीच्या रेषेपासून किती खाली आहे हे पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी मोजतात. उघड्या निशाणकाट्यांच्या काळातले दस्ते मागे बरेच खाली उतरत. दुर्बीण आल्यावर डोळा वर न्यावा लागला आणि ही कड सरळ व उंच झाली. दुर्बिणीच्या रायफलीला पुढे सुमारे अर्धा इंच आणि मागे पाऊण इंचाच्या आसपास उतार बहुतेकांना जुळतो. कड सरळ असण्याचा आणखी एक फायदा धक्क्याच्या वेळी कळतो: दस्ता मागे फार खाली उतरलेला असेल तर नळी उसळते आणि तीच कड गालावर आदळते, सरळ असेल तर धक्का खांद्यात सरळ मागे जातो. तिसरे माप बाजूच्या कलाचे. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्यासाठी दस्ता मागे किंचित उजवीकडे, बहुधा एक-दोन सूत, वळवतात, म्हणजे रुंद चेहऱ्याच्या माणसाला मान मोडावी लागत नाही.

मापे बरोबर आली का, हे तपासण्याची खात्रीची रीत अशी : डोळे मिटावेत, रायफल सवयीने खांद्याला लावावी, गाल आपोआप टेकू द्यावा आणि मग डोळे उघडावेत. दुर्बिणीतले चित्र पूर्ण गोल आणि मध्यावर दिसले तर मापे तुमची आहेत. कडेला काळी कोर दिसत असेल तर गाल उंच, खाली किंवा बाजूला आहे, आणि ती कोर कोणत्या बाजूला आहे यावरून दुरुस्ती ठरते. कारागिराकडे जाणाऱ्याने ही चाचणी कच्च्या आकाराच्या दस्त्यावर मागून घ्यावी. नकार देणाऱ्या कारागिराकडून मापाचा दस्ता मिळेल अशी आशा ठेवू नये.

शैलीचा प्रश्न मापांनंतरचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकेत लष्करी १९०३ स्प्रिंगफिल्ड आणि जर्मन १८९८ माउझर यांच्या अ‍ॅक्शनवर शिकारी दस्ते चढवण्याची परंपरा फुलली. लॉस एंजेलिसचे लुडविग वुंडहॅमर यांच्यासारख्या कारागिरांनी तिची रेषा घडवली, आणि तळहाताखाली मुठीला दिलेला हलका फुगीरपणा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. न्यूयॉर्कमध्ये १९२३ साली ग्रिफिन अँड हाऊ ही पेढी निघाली. सरळ कड, सडपातळ फोरएंड आणि मोजकी सजावट या वळणाला तेथे क्लासिक म्हणतात. रॉय वेदरबी यांनी १९४५ नंतर कॅलिफोर्नियात लोकप्रिय केलेले वळण याच्या अगदी उलट आहे : उंच उठलेली गालाची टेक, तिरपे टोक, पांढऱ्या पट्ट्या आणि चकचकीत लाख. दुसऱ्या वळणाची टिंगल करण्याची रीत आहे, पण पुढच्या दिशेने खाली उतरणारी त्याची कड धक्क्याच्या वेळी गालापासून दूर सरकते, हे टिंगल करणारे विसरतात. तरी स्वतः घडवणाऱ्याने क्लासिकच निवडावे, कारण त्यातल्या साध्या रेषा चुका लपवत नाहीत आणि म्हणून हात लवकर तयार होतो.

खाचकाम

धातूचा भाग लाकडात बसवण्याची खाच कोरणे हे या कलेचे हृदय आहे आणि एकूण कष्टांचा मोठा हिस्सा त्यातच जातो. आजकाल यंत्राने नव्वद-पंचाण्णव टक्के कोरलेले दस्ते मिळतात आणि नवख्याने तेच घ्यावेत. मात्र उरलेले पाच टक्के कामही तितकीच सबुरी मागते, एवढे लक्षात ठेवावे.

अखंड फळीवर काम करणाऱ्याने आधी वरची बाजू आणि एक बगल रंध्याने अचूक काटकोनात आणावी आणि मध्यरेषा धारदार सुरीने ओढावी, कारण पेन्सिलीची जाडीही येथे चूक ठरते. अ‍ॅक्शनचे दोन स्क्रू जेथून जातात ती भोके प्रथम पाडावीत. त्या भोकांतून लांब मार्गदर्शक खिळे अ‍ॅक्शनमध्ये फिरवले की धातू दर वेळी त्याच रेषेत खाली उतरतो आणि अंदाजाला जागा उरत नाही. मग धातूच्या खालच्या बाजूला काजळी आणि तेल यांचा अत्यंत पातळ लेप द्यावा, अ‍ॅक्शन सरळ खाली दाबावी, लाकडी हातोडीने हलका ठोका द्यावा आणि सरळ वर उचलावी. लाकडावर जेथे काळा डाग उमटला तेथेच धातू टेकतो आहे. तेवढाच डाग धारदार पटाशीने किंवा खरवडणीने कागदाइतका पातळ काढावा आणि पुन्हा तेच करावे. सुरुवातीला दोन-चार मोठे डाग दिसतात. धातू जसजसा खाली जातो तसतसे डाग लहान आणि संख्येने अधिक होत जातात, आणि शेवटी खाचेचा तळ मिऱ्याच्या पुडीसारख्या बारीक ठिपक्यांनी भरून जातो. तेव्हा थांबावे. काळे दिसते म्हणून बाजूच्या भिंतींवरचे डागही काढत बसण्याचा मोह नवख्याला होतो, आणि त्यातून धातूच्या कडेभोवती फट तयार होते, जी नंतर कशानेही झाकत नाही. भिंतीवरचा डाग घासल्याचा आहे की दाबाचा, हे ओळखायला शिकेपर्यंत तेथे पटाशी लावू नये.

दोन जागा विशेष जपाव्या लागतात. धक्का लाकडात उतरवणारी रिकॉइल लग नावाची पोलादी टाच अ‍ॅक्शनच्या पुढच्या भागात खाली असते. तिची मागची बाजू लाकडाला पूर्ण रुंदीभर टेकलेली हवी, तर पुढे, दोन्ही कडांना आणि तळाशी किंचित मोकळी जागा हवी. दुसरी जागा अ‍ॅक्शनच्या मागच्या शेपटीची. तिच्या मागे कागदाच्या एक-दोन थरांइतकी फट मुद्दाम सोडावी लागते. ही फट राहिली नाही तर दर गोळीला धक्का लगेऐवजी शेपटीतून मुठीत जातो आणि पाचर ठोकल्यासारखी मूठ मधोमध चिरते. जुन्या माउझर दस्त्यांत शेपटीमागे दिसणारी सरळ चीर बहुधा याच कारणाने पडलेली असते.

या लगेच्या मागे इपॉक्सीचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या राळेचा, थर भरावा की शुद्ध लाकूडच ठेवावे, यावर जुन्या मताचे लोक अजून वाद घालतात. हलक्या काडतुसाच्या रायफलीत उत्तम कोरलेले लाकूड पुरेसे असते. जोरदार धक्क्याच्या रायफलीत लगेमागे इपॉक्सी आणि स्क्रूंभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्या बसवणे मला शहाणपणाचे वाटते, कारण लाकूड दाबाने हळूहळू चेपते आणि मग स्क्रू कितीही आवळले तरी सैलच राहतात. इपॉक्सी भरताना धातूच्या प्रत्येक पृष्ठभागाला न चिकटणारे द्रव्य लावणे आणि सर्व भोके व खोबणी मॉडेलिंगच्या मातीने बुजवणे विसरले, तर अ‍ॅक्शन दस्त्यात कायमची अडकते. मग दस्ता फोडण्याशिवाय उपाय नसतो.

नळीखालच्या खोबणीबाबत दोन पद्धती आहेत. काही जण नळी पूर्ण मोकळी ठेवतात; स्क्रू आवळल्यावर नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची पट्टी टोकापासून अ‍ॅक्शनपर्यंत न अडता सरकली पाहिजे. काही बारीक नळ्यांच्या रायफली टोकाशी थोडा वरचा दाब असेल तर अधिक एकसारख्या चालतात. पहिल्या दस्त्यात नळी मोकळीच ठेवावी, कारण लाकूड हलले तरी नळीला कळत नाही.

बाह्य आकार

खाचकाम आणि मागची रबरी गादी किंवा पोलादी पट्टी बसवणे पूर्ण झाल्यावरच बाहेरचे लाकूड उतरवावे. करवतीने मोठा भाग, मग खरड कानस, मग बारीक कानस आणि शेवटी काचपेपर हा क्रम सर्वांना ठाऊक असतो. चुकते ते प्रमाण. दस्ता जाड राहण्याची भीती कोणालाच वाटत नाही, पातळ होण्याची मात्र सर्वांना वाटते, आणि म्हणून हौशी दस्ते जवळजवळ नेहमी ओबडधोबड आणि जड दिसतात. फोरएंड हातात धरून डोळे मिटले असता बोटांची टोके सहज वळली पाहिजेत. सपाट भागांवर काचपेपर नेहमी लाकडी ठोकळ्याला गुंडाळून वापरावा. नुसत्या बोटांनी घासल्यास मऊ धागे अधिक झिजतात आणि तेल लागल्यावर पृष्ठभाग लाटांचा दिसतो. धातूच्या कडेशी लाकूड किंचित उंच ठेवावे आणि धातूला निळा रंग चढवण्याआधी दोन्ही एकत्र एका पातळीत आणावेत. कुशल कारागिराच्या कामात बोट फिरवल्यावर लाकूड कोठे संपले आणि पोलाद कोठे सुरू झाले हे फक्त थंडपणावरून कळते. अक्रोडाची धूळ डोळ्यांना आणि श्वसनाला त्रासदायक असल्याने मुखपट्टी लावूनच घासावे.

तेल

घासून झालेल्या लाकडाला ओल्या फडक्याने पुसावे आणि उष्णतेने लगेच सुकवावे. दबलेले धागे केसांसारखे उभे राहतात. ते बारीक कागदाने उलट दिशेने काढावेत. धागे उठणे थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे, नाहीतर पहिल्याच पावसात दस्ता खरबरीत होतो. रंध्रे भरण्याची जुनी रीत अजूनही उत्तम आहे : तेल लावून ओल्यातच ३२० किंवा ४०० नंबरच्या कागदाने घासावे, म्हणजे लाकडाचीच भुकटी तेलात मिसळून रंध्रांत बसते, ती वाळू द्यावी आणि रंध्रे सपाट होईपर्यंत पुन्हा घासावे. नुसते जवसाचे तेल सुंदर दिसते, पण हळू वाळते आणि ओलाव्याला फारसे अडवत नाही. टंग तेल आणि वॉर्निश यांचे मिश्रण असलेली तयार तेले दिसायला जवळपास तशीच आणि संरक्षणाला कितीतरी चांगली असतात. शेवटचे थर बोटांच्या टोकांनी, अत्यंत पातळ आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच द्यावेत. एक जाड थर दहा पातळ थरांची जागा घेत नाही, फक्त चिकट राहतो.

येथे दोन गोष्टी टाळून चालत नाही. बाहेरून चमकणारे कितीतरी दस्ते आतून कोरडे असतात. खाचेच्या आत, नळीच्या खोबणीत आणि मागच्या गादीखाली उघड्या टोकांना तेल किंवा वॉर्निश भरपूर पाजावे, कारण ओलावा तेथूनच आत शिरतो. कोणतेही तेल ओलावा पूर्ण थांबवत नाही, त्याचा वेग कमी करते, आणि तेवढे पुरते. दुसरे म्हणजे जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत. वाळताना ती तापतात आणि गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात; ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

चेकरिंग

मुठीवर आणि फोरएंडवर कोरलेले छोटे हिरे शोभेचे वाटले तरी त्यांचा उगम घामट किंवा ओल्या हातात पकड राहावी या गरजेत आहे. दोन मुख्य रेषा प्रथम आखतात, आणि हिऱ्याची लांबी रुंदीच्या तीन ते साडेतीन पट यावी असा त्यांच्यातला कोन ठेवतात. त्यानंतर दोन ओळींच्या अवजाराचा एक दात आधीच्या रेषेत ठेवून दुसऱ्याने पुढची रेषा उमटवत जातात. घट्ट अक्रोडावर दर इंचाला २२ ते २४ रेषा योग्य दिसतात, कुशल हाताने त्याहून बारीकही. क्लॅरोवर २० च्या आसपास थांबावे. रेषा एका फेरीत खोल करू नये. सर्व रेषा हलक्या आखून झाल्यावर, तीन-चार फेऱ्यांत, हिऱ्यांची टोके अणकुचीदार होईपर्यंत खोली वाढवावी. कडेची रेषा ओलांडून अवजार पुढे घसरले की ती जखम सर्वांना दिसते. म्हणून शेवटची तसूभर उलट दिशेने, आतल्या बाजूला ओढत कापावी. दस्त्यावर जाण्याआधी त्याच लाकडाच्या उरलेल्या, गोलाई दिलेल्या तुकड्यावर सराव करावा. सपाट तुकड्यावरचा सराव मुठीच्या वळणावर उपयोगी पडत नाही.

दुसऱ्याचे काम पारखताना मी प्रथम हेच पाहतो : चेकरिंगच्या रेषा मुठीच्या वळणावरही समांतर राहिल्या आहेत का, कोपऱ्यांत अर्धवट सपाट हिरे उरले आहेत का, आणि स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत जुळवलेल्या आहेत का. स्क्रूच्या खाचेने नेम सुधारत नाही, पण ती जुळवणारा माणूस आतल्या लगेमागेही घाई करत नाही.

वापर आणि देखभाल

लाकडाला लागलेला दबका खड्डा धागे तुटलेले नसतील तर वर येतो. खड्ड्यावर ओले सुती फडके ठेवून त्यावर गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवावे; वाफ धाग्यांत शिरते, ते फुगतात आणि खड्डा दोन-तीन वेळांत भरतो. मग तेवढ्या जागी तेलाचा हात द्यावा. धागे कापले गेले असतील तर ही युक्ती चालत नाही. धातूला लावलेले तेल रायफल उभी ठेवल्यास हळूहळू शेपटीमागच्या लाकडात झिरपते आणि वर्षानुवर्षे साचून ते काळे व मऊ करते; म्हणून तेल बेताने लावावे आणि शक्य असल्यास रायफल नळी खाली करून ठेवावी. ओली झालेली रायफल शेकोटीजवळ किंवा हीटरसमोर उभी करू नये, पुसून खोलीच्या हवेत सावकाश सुकू द्यावी. दमट प्रदेशातून कोरड्या प्रदेशात गेल्यावर अ‍ॅक्शनचे स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या ताकदीने आवळून पाहावेत आणि शिकारीला निघण्याआधी निशाण लक्ष्यफलकावर पुन्हा तपासून घ्यावे.